निजलेली सुई

भूपेंद्रच्या ट्रकचं इंजिन सुरू झालं तेव्हा मी लाखोरीच्या डाळीला फोडणी देत होते. आवाज कानावर आला आणि मी मनातून खट्टू झाले. कुठे ठोका नाही, कुठे खरखर नाही, इतका एकसारखा आवाज. मिस्त्रीची बायको आहे मी. बरं इंजिन कोणतं आणि आजारी कोणतं हे मला पडद्याआडूनही कळतं. मनात म्हटलं, घ्या धुरपताबाई, हरलात.

कशात हरले ते सांगते. आमचं गॅरेज सडक अर्जुनीत, हायवेला लागून. घर त्याच्या पाठीला. मधे एक दार आहे, ते कधी लागत नाही. माझे मालक ईश्वरदास मिस्त्री. लग्न होऊन आले तेव्हापासून हा माणूस मी ट्रकच्या बाहेर कमी आणि ट्रकच्या खाली जास्त पाहिला आहे. गेल्या उन्हाळ्यात एका ट्रकखालचा जॅक सरकला. हे वेळेवर बाहेर घसरले म्हणून वाचले, पण डाव्या हाताची दोन बोटं चेंगरली. बोटं जुळून आली, तरी त्यांना पहिल्यासारखं काही समजत नाही. गरम तवा आणि गार ताट त्यांना सारखंच. त्यात भर म्हणून पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या उन्हाळ्यापासून ट्रकखालून बाहेर आलेले त्यांचे पाय दिसले, की ते हलेपर्यंत माझा श्वास अडकलेला असायचा.

आमची टीना नागपूरला असते. ती फोनवर रोज म्हणायची, बाबांना इकडे घेऊन ये. मी रोज त्यांच्या मागे लागायची, शटर ओढा. आणि ते रोज म्हणायचे, "शटर वढलो त मीबी संपलो समज." ह्या एका वाक्यावर आमच्या घरात पावसाळाभर भांडणं झाली. शेवटी मीच तोड काढली. म्हटलं, एक इंजिन घ्या. खोलण्यापासून बांधण्यापर्यंत एकट्याच्या हातानं करा. नीट चाललं तर गॅरेज चालू ठेवा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही चाललं तर शटर खाली आणि चला नागपूरला. ते लगेच हो म्हणाले. मलाही बरं वाटलं, कारण जिंकणार तर मीच होते. त्या दोन बोटांची मला पक्की खात्री होती.

त्यावर आला हा भूपेंद्र. जवळच्याच गावचा शेतकरी. त्यांच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला, आणि आजही त्या घरातली माणसं पाण्याचा थेंब गळताना दिसला तर जेवणाच्या ताटावरून उठतात. भूपेंद्र हाताचा तयार. गावातल्या सगळ्यांच्या मोटारी, पाइप, बोअर हाच बसवतो. घरची शेती सांभाळून धान मिलवर पोचवायला त्याने दहाचाकी ट्रक ठेवला आहे. त्या ट्रकचं इंजिन धूर ओकायला लागलं, बेरिंगं वाजायला लागली, आणि धानाचा हंगाम तर तोंडावर. गोंदियात मोठमोठी गॅरेजं असताना हा पठ्ठ्या आमच्याच दारात येऊन उभा राहिला. म्हणे, "काकाच्या हाताशिवाय माह्या इंजिनले कोनी पाना नाई लावाचा."

मी दाराआडून डोळे वटारले, पण त्याचं लक्ष नव्हतं.

मिस्त्रींनी काम मात्र मन लावून केलं, हे मी शत्रुपक्षाची असूनही सांगते. क्रँक घासून आणला, नवी बेरिंगं बसवली, नवा ऑइल पंप, नवा फिल्टर. डोळ्याला चष्मा, त्यावर पुन्हा बॅटरीचा उजेड. बेरिंग बसवताना उजव्या हाताची बोटं फिरवून बघायचे, मग सवयीनं डावी फिरवायचे, आणि डावीकडून काहीच निरोप येत नाही हे आठवून पुन्हा उजवी. मी चहा ठेवून गुपचूप परत यायची. भूपेंद्र मात्र रोज हजर. शेतकऱ्याचा हात रिकामा राहत नाही. हे पुस, ते उचल, तो बोल्ट आवळ. "तू बस गा एका जागी," असं मिस्त्री दर तासाला म्हणत, आणि तो दर तासाला उठत असे.

आमच्या गॅरेजची एक जुनी रीत आहे. इंजिन बांधून झालं, की गाडीत उतरवायच्या आधी त्याला चंदेरी रंग द्यायचा, आणि तो गाडीच्या मालकानं स्वतःच्या हातानं द्यायचा. सासऱ्यांपासून चालत आलेली गोष्ट. मालकाचा हात लागला की मालक गाडीला जपतो, असं ते म्हणायचे. रंग वाळला की कुंकू मी लावायचं. मिस्त्री जेवायला आत आले तेव्हा भूपेंद्रनं रंग दिला. दिला म्हणजे काय, नवरी सजवावी तसं इंजिन सजवलं. मी कुंकू लावलं, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी इंजिन गाडीत बसलं, आणि त्या सकाळी मी डाळीला फोडणी देत असताना ते सुरू झालं.

तर हरले म्हणून मी सुस्कारा सोडते आहे, तोच मिस्त्री ओरडले.

"बंद कर! बंद कर म्हनतो ना!"

मी पळी टाकून दाराशी धावले. भूपेंद्र केबिनमध्ये चावीला हात लावून बसलेला, तोंड उघडं. मिस्त्री पायरीवर उभे राहून आत डोकावत होते. इंजिन बंद झालं, आणि गॅरेजात एकदम शांत झालं. समोरून जाणाऱ्या ट्रेलरचा आवाज तेवढा.

"काय झालं?" मी विचारलं.

"सुई उठली नाई," मिस्त्री म्हणाले.

ट्रकवाल्यांच्या घरात ह्यापुढे काही विचारावं लागत नाही. तुम्हाला सांगते. इंजिनाच्या पोटात ऑइल असतं. पंप ते ऑइल जोरानं वर चढवतो आणि प्रत्येक बेरिंगपर्यंत पोचवतो. तो जोर किती आहे हे ड्रायव्हरसमोरची एक सुई दाखवते. जोर नसला तर लोखंडावर लोखंड घासतं आणि नवं कोरं इंजिन बघता बघता जाम होऊन बसतं. धोक्याची एक लाल बत्तीही असते, पण भूपेंद्रच्या ट्रकमधली कधीचीच फुटली होती. जे काय सांगायचं ते सुईच सांगणार, आणि सुई तळाशी निजली होती.

मिस्त्रींनी आधी ऑइल मोजलं. बरोबर भरलेलं, स्वच्छ. फिल्टर उतरवून बघितला, पुन्हा लावला. भूपेंद्रला म्हणाले, एकदा लाव, मी म्हणालो की बंद कर. इंजिन लागलं. सुई हलली नाही. "बंद!" मग ते ब्लॉकजवळ वाकले. तिथे एक सेंडर बसवलेला असतो, छोट्या लिंबाएवढा. ऑइलचा जोर त्याला कळतो, आणि तो एका वायरीवरून सुईला कळवतो. त्यांनी ती वायर काढली आणि चावी फिरवायला सांगून चेसीच्या उघड्या नटाला टेकवली. सुई टुणकन वर गेली.

"उठली, काका!" भूपेंद्र आनंदानं ओरडला.

"हे वाईट झालं गा," मिस्त्री म्हणाले. "म्हंजे सुई ठीक हाय, वायर ठीक हाय. सेंडर त नवाच हाय, मीच बसवलो. मंग राह्यलं काय? ऑइलच चढून नाई राह्यलं."

ते खाली टायरवर बसले. डावा हात समोर धरून त्या दोन बोटांकडे बघत राहिले. "बेरिंग ढिलं बसलं असन," म्हणाले. "सगळं ऑइल तिथूनच निघून जात असन. या बोटांले समजलं नाई, आन डोळ्यांले दिसलं नाई."

भूपेंद्र खाली उतरला आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "काका, माहा धान खळ्यावर पडून हाय ना! मिलवाला रोज फोन करून राह्यला. मी सगळ्यांचं आयकलो असतो त गोंदियालेच नेलो असतो गाडी. आता पुरं इंजिन पुन्हा खोलाचं? मले घरचे घरात घेनार नाई!"

"चूप राय," मी म्हटलं. तो चूप राहिला.

 दुसरा दिवस असता तर मिस्त्रींनी त्याला पाना फेकून मारला असता. आज ते उठले, हात फडक्याला पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जितली, धुरपता. दुपारून इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरवतो, याचं काम सुधरवून देतो, आन मंग शटर वढून टाकू. टीनाले फोन करून दे."

हे वाक्य ऐकायला मी उन्हाळ्यापासून कान टवकारून बसले होते. आता ऐकलं आणि मला रडू आलं. असं कसं माझं मन, मलाच राग आला.

मी आत गेले. डाळ करपली होती. गॅस बंद केला आणि खोलीत जाऊन लोखंडी पेटीवर बसले. त्या पेटीत काय होतं ते मला माहीत होतं, कारण मीच ठेवलं होतं. ऑपरेशनसाठी हे दवाखान्यात होते तेव्हा मी गॅरेज आवरलं होतं, आणि बारीकसारीक हत्यारं आणून माझ्या लुगड्यांखाली लपवली होती. दिसली नाहीत तर हात शिवशिवणार नाही, हा माझा हिशेब. त्यातच त्यांचा पितळी मीटर होता. त्याला वायर नाही, बॅटरी नाही. सेंडर काढून त्याच भोकात मीटरची नळी आवळायची. ऑइल स्वतः येऊन काटा ढकलतं. मधे कोणी सांगणारा नाही, म्हणून खोटं बोलणाराही नाही. गाडीची सुई पडली म्हणून घाबरून आलेल्या कितीतरी ड्रायव्हरांना मिस्त्रींनी ह्याच मीटरवर शांत करून पाठवलं होतं. "इंजिन मंग खोल, पयले मीटर लाव," हे वाक्य मी भाकऱ्या थापताना हजारदा ऐकलं असेन.

मग आज ते मीटर का मागत नाहीत? विसरले? का त्यांना वाटतं हरवला?

मी गप्प बसले असते तर सगळं माझ्या मनासारखं होणार होतं. चेंबर उतरलं असतं, इंजिन खोललं गेलं असतं, त्यात काही सापडो न सापडो. ज्या माणसाचा हातावरचा भरवसा उडाला तो पुन्हा पाना उचलत नाही. जॅक सरकायची भीती कायमची गेली असती. आणि मीटर लावला आणि त्यातही काटा पडलेलाच राहिला तर? मग टायरवर बसलेला तो चेहरा मला पुन्हा बघावा लागणार होता, आणि ह्या वेळी त्यावर औषध नव्हतं. खरं सांगते, मला त्या मीटरची भीती वाटली. लुगडी उचलली, पुन्हा ठेवली. मग स्वतःला एक शिवी दिली आणि मीटर काढला.

मी गॅरेजात जाऊन तो त्यांच्यासमोर धरला. ते जॅककडे हात नेत होते. मीटर बघून थांबले.

"हा कायले आनलीस?"

"लोकांच्या गाडीले लावता, मंग आपल्या कामाले काऊन नाई? का आपल्या हाताचं इंजिन सावत्र हाय?"

 त्यांनी माझ्या हातातून मीटर घेतला. नळी लावायची तर आधी सेंडर काढायला हवा. त्यांनी पाना लावला. सेंडर फिरेना. "मी एवढा आवळलो नव्हतो," असं पुटपुटले आणि जोर लावला. सेंडर कुरकुरत फिरला आणि बाहेर आला. मिस्त्रींनी तो डोळ्यांजवळ नेला, चष्मा वर केला, चष्मा खाली केला. आट्यांवर पांढऱ्या टेपचे वेढ्यावर वेढे होते. नळाच्या जोडाला गुंडाळतात ना, तीच टेप. मुलाच्या गळ्यात मफलर बांधावा तशी गुंडाळलेली, आणि वरून चंदेरी रंग.

"हे काय हाय गा, भूपेंद्र?"

"टेप हाय, काका," भूपेंद्र अभिमानानं म्हणाला. "रंग देतानी मी तो काढून ठेवलो होतो, रंग बरोबर आत जावाले पायजे ना. मंग पाहतो त नुसताच बसवला होता, टेप नाई, सुतळी नाई, काही नाई. म्हटलं काकाचं ध्यान चुकलं असन. मस्त गुंडाळून आवळलो. एक थेंब गळाचा नाई, माही ग्यारंटी."

मिस्त्री भूपेंद्रकडे बघत राहिले. मी मिस्त्रींकडे. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू होतं की रडू, मला कळेना.

"अरे बावा," ते हळूच म्हणाले, "ह्या सेंडरले वायर एकच राह्यते. दुसरी वाट ह्या आट्यांतून राह्यते, लोखंडाले लोखंड लागून. तीच अर्थिंग. तू त ती वाटच बुजवून टाकलास. हा इंजिनमंदी बसून असन ओरडत, पन सुईले आयकू कसं जाईन?"

"मंग पानी—"

"पानी नाई गा ते! ऑइल हाय, आन ही तुह्या धानाची मोटर नाई!"

मला वाटलं आता सगळे हसतील. पण मिस्त्री हसले नाहीत. दुधानं तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकून पिणार. टेप हे कारण असेलही, पण बेरिंग ढिलं नाही हे अजून कुठं ठरलं होतं? त्यांनी मीटरची नळी ब्लॉकमध्ये आवळली. मीटर माझ्या हातात दिला. दोन्ही हातांनी धर म्हणाले. भूपेंद्र केबिनमध्ये चढला.

"लाव."

इंजिन लागलं. मी श्वास घेतला नाही. काटा क्षणभर तळाशीच होता, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून गावदेवी मातामायचं नाव निघालं. मग नळीत धक्का जाणवला. काटा निघाला, अर्ध्याच्या वर गेला आणि तिथे घट्ट उभा राहिला. मिस्त्रींनी हातानं खूण करून इंजिनाचा वेग वाढवायला लावला. काटा आणखी वर. वेग उतरवला. काटा थोडा खाली आला आणि पुन्हा ठाम.

"चालू राहू दे," मिस्त्री म्हणाले. "गरम होऊ दे."

इंजिन गरम झालं. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं, आणि ढिलं बेरिंग असेल तर तेव्हा उघडं पडतं, हे मलाही ठाऊक होतं. काटा किंचित उतरला आणि उतरायचा तेवढाच उतरून थांबला. मिस्त्रींनी मीटरवर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळे नव्हते. मी हरले होते आणि मला इतका आनंद पोरीच्या लग्नातही झाला नव्हता.

मग टेप खरवडून निघाली, आटे तारेच्या ब्रशनं चकचकीत झाले, भोकाच्या तोंडाचा रंगही घासला गेला. सेंडर आपल्या जागी उघडाच बसला. भूपेंद्रनं चावी फिरवली आणि डॅशबोर्डावरची सुई शहाण्या मुलीसारखी उठून बसली. खाली उतरला तेव्हा त्याची मान छातीला टेकली होती. वाकून मिस्त्रींच्या पाया पडला, मग माझ्या.

"काका, माहंच चुकलं. वरून मीच बोंबलत होतो."

"चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हटलं. "आता यानंतर तू रंग देशील तवा तुह्ये हात बांधून ठेवीन मी."

"हात बांधून रंग कसा देईन, काकी?"

"तोंडानं दे. तुह्यं तोंड लय चालते."

आता मिस्त्री हसले. भिंतीला टेकून, पोट धरून हसले. उन्हाळ्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. समोरच्या ढाब्यावरचे दोन ड्रायव्हर काय झालं म्हणून बघायला आले, त्यांनाही भूपेंद्रनंच सगळी कथा सांगितली, स्वतःची फजिती तिखटमीठ लावून. मग ट्रक घेऊन गेला. हायवेला लागेपर्यंत हॉर्न वाजवत होता.

मागच्या अंगणात मिस्त्री हात धुवायला बसले. मी तांब्यानं पाणी ओतत होते.  शेवटी मलाच राहवेना.

"तो मीटर माह्या पेटीत होता," मी म्हटलं. "मीच लपवला होता."

"मालूम होतं मले."

"मालूम होतं? मंग मांगले काऊन नाई?"

त्यांनी साबण डाव्या बोटांवर घासला. "भ्याव लागला. गाडीची सुई पडली त मानूस म्हनू शकते, खोटी असन. पन त्या मीटरनंबी तेच सांगतलं असतं, त मंग बोलाले काही राह्यलं नसतं."

"मलेबी तेच भ्याव लागला," मी म्हटलं. "पेटीवर बसून होती मी. काढू का नको."

ते मान वर करून माझ्याकडे बघू लागले. "तुले कायचं भ्याव? तू त जितत होतीस."

"मले तुमचं गॅरेज बंद पायजे होतं," मी म्हटलं. "तुमी बंद पडलेले नव्हते पायजे."

 ते खाली बघून धुतलेल्या हातांना पुन्हा साबण लावत राहिले, आणि मीही पाणी ओतत राहिले.